वाचकांचे प्रश्न : धातूचा स्फटिक कोणत्या दिशेला तोंड करून आहे?

गेल्या अंकात जेट इंजिनातील एकस्फटिकी पात्यांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. पाते ओतून झाल्यावर त्याच्या स्फटिकाची अभिमुखता क्ष-किरणांनी तपासली जाते, असे त्यात ओझरते म्हटले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. ओरिएंटेशन या शब्दासाठी उत्तरांत सर्वत्र ‘अभिमुखता’ हा शब्द वापरला आहे.

प्रश्न : मिठाचा किंवा तुरटीचा खडा पाहिला की त्याच्या सपाट बाजू दिसतात आणि हा स्फटिक आहे हे पटते. धातूचा तुकडा मात्र कोणत्याही बाजूने सारखाच दिसतो. त्यात स्फटिक असतात हे मान्य केले, तरी त्यांना ‘दिशा’ असते म्हणजे नेमके काय, आणि ती कळून उपयोग काय? (पदविका अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी)

धातूच्या स्फटिकाला सपाट बाजू दिसत नाहीत याचे कारण त्याच्या वाढीत आहे, रचनेत नाही. वितळलेला धातू थिजू लागला की द्रवात असंख्य ठिकाणी स्फटिकाचे बीज धरते. प्रत्येक बीज आपापल्या दिशेने वाढत जाते आणि शेजारच्या स्फटिकाला भिडले की थांबते. त्यामुळे त्याचा बाहेरचा आकार शेजाऱ्यांनी ठरवलेला, वेडावाकडा असतो. आतले अणू मात्र मिठाच्या खड्याइतक्याच शिस्तीने रांगा धरून असतात. अशा एका स्फटिकाला कारखान्यात ग्रेन म्हणतात आणि पुस्तकांत कण. जुन्या पितळी मुठीकडे कधी निरखून पाहा. वर्षानुवर्षे हातांचा घाम लागून तिचा पृष्ठभाग किंचित खाल्ला गेलेला असतो आणि तिरप्या उजेडात तिच्यावर कोनदार ठिगळे दिसतात. मूठ थोडी फिरवली की उजळ ठिगळ काळवंडते आणि शेजारचे उजळते. प्रत्येक ठिगळ म्हणजे एक कण, आणि ती आलटूनपालटून चमकतात, कारण प्रत्येकातील अणूंच्या रांगा वेगळ्या दिशेला वळलेल्या असतात.

या वळण्यालाच अभिमुखता म्हणतात. येथे एक गोष्ट आरंभीच मनात पक्की करावी, कारण पुढील सर्व उत्तरे तिच्यावर उभी आहेत : अभिमुखता हा स्फटिकाचा एकट्याचा गुण नाही, ते दोन अक्षसंचांमधील नाते आहे. एक संच वस्तूचा असतो, म्हणजे पात्याची लांबी, पत्रा लाटल्याची दिशा किंवा चकतीचा पृष्ठभाग. दुसरा संच स्फटिकाचा असतो, म्हणजे त्याच्या घनाकृती एककपेशीच्या (अणूंच्या मांडणीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या घनाच्या) कडा. खोलीत एखादी पेटी कशी ठेवली आहे हे सांगायचे, तर पेटीच्या कडांचे भिंतींशी होणारे कोन सांगावे लागतात. तेच येथे करायचे असते. क्ष-किरण आपल्याला पेटी दाखवतात. भिंती कोणत्या हे मोजणाऱ्याने स्वतः सांगायचे असते, आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

आता उपयोग. तांब्याचा एकच स्फटिक घेऊन तो घनाच्या कडेच्या, म्हणजे [१००] दिशेने ताणला, तर त्याचा यंग गुणांक, म्हणजे ताणाला न जुमानण्याचे माप, सुमारे ६७ गिगापास्कल भरतो. घनाच्या कर्णाच्या, म्हणजे [१११] दिशेने ताणला, तर सुमारे १९१. तोच धातू, तीच शुद्धता, आणि कडकपणात जवळजवळ तिपटीचा फरक. जेट इंजिनाच्या पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंतही असाच मोठा फरक असतो. पाते वारंवार तापते आणि निवते, तेव्हा त्याच्या प्रसरणाला होणाऱ्या अडथळ्यामुळे निर्माण होणारा ताण कडकपणाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पात्याच्या लांबीच्या दिशेने स्फटिकाची सर्वांत कमी कडक, म्हणजे [००१] दिशा (हीही घनाची कडच, [१००] सारखीच) यावी असे ओतकाम केले जाते, आणि ती किती अंशांनी कलली आहे हे तपासून ठरलेल्या मर्यादेबाहेरचे पाते बाद केले जाते. सर्वच धातू असे वागत नाहीत हेही नमूद करावे लागेल. टंगस्टनचा स्फटिक कोणत्याही दिशेने जवळजवळ सारखाच कडक असतो.

धातू वाकतात कसे, हे समजण्याची वाटही याच मोजमापातून निघाली. १९२३ साली जी. आय. टेलर आणि कॉन्स्टन्स एलम यांनी ॲल्युमिनियमचा एकच स्फटिक असलेली कांडी ताणत नेली आणि तिची अभिमुखता क्ष-किरणांनी तपासली. अणूंची सर्वांत दाट वस्ती असलेल्या (१११) प्रतलांवर, म्हणजे घनाच्या [१११] कर्णाला लंब असलेल्या पातळ्यांवर, अणूंच्या सर्वांत दाट रांगेच्या दिशेने स्फटिकाचे थर घसरतात, हे त्यांनी दाखवून दिले. आज धातुविज्ञानाच्या पहिल्या वर्षात जे दोन ओळींत शिकवले जाते, त्यामागे ही चिकाटीची मोजणी आहे, आणि एलम यांचे नाव विद्यार्थ्यांना क्वचितच ऐकायला मिळते याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रश्न : ब्रॅग यांच्या नियमानुसार, प्रतलांमधील अंतराची दुप्पट गुणिले कोनाचा साइन बरोबर तरंगलांबीची पूर्णांक पट, हे आम्हाला माहीत आहे. त्यात तरंगलांबी ठाऊक असावी लागते. पण लौए पद्धतीत सगळ्या तरंगलांबींचे मिश्रण वापरतात असे वाचले. मग कोणता ठिपका कोणत्या तरंगलांबीने पडला हे न कळताच उत्तर कसे निघते? (भौतिकशास्त्राचे एक शिक्षक)

आपण नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. पद्धतीचे सारे सौंदर्य या प्रश्नाच्या उत्तरातच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

१९१२ साली म्यूनिक येथे माक्स फोन लौए यांच्या सूचनेवरून व्हाल्टर फ्रीड्रिख आणि पाउल क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरणांचा बारीक झोत पाठवला, आणि मागच्या फोटोग्राफिक काचेवर ठिपक्यांची रचना उमटली. क्ष-किरण हे तरंग आहेत आणि स्फटिकात अणू नियमित अंतरांवर मांडलेले असतात, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगाने सिद्ध झाल्या. पण ठिपके नेमके तेथेच का पडतात, याचे सोपे उत्तर त्याच वर्षाच्या अखेरीस लॉरेन्स ब्रॅग यांनी दिले. त्यांचे म्हणणे असे : येणाऱ्या झोतात सर्व तरंगलांबी असतात, स्फटिकातील समांतर प्रतलांचा प्रत्येक गट आरशासारखे काम करतो, आणि त्या कोनाला जी तरंगलांबी जुळते तेवढीच झोतातून निवडून परावर्तित करतो. लौए यांना १९१४ चे आणि ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लॉरेन्स तेव्हा पंचविशीत होते.

निवड प्रतल करते, हे एकदा ध्यानात आले की आपली शंका फिटते. स्फटिक स्थिर ठेवून एकाच तरंगलांबीचा झोत टाकला, तर बहुतेक वेळा कोणत्याच प्रतलाचा कोन जुळत नाही आणि फिल्म कोरी राहते. मिश्र झोत टाकला, तर प्रत्येक प्रतलाला आपल्या गरजेची तरंगलांबी मिळते. मग ठिपका कोठे पडेल हे केवळ आरशाच्या नियमाने, म्हणजे प्रतल झोताशी किती कलले आहे यावरून ठरते. कोणती तरंगलांबी परावर्तित झाली हे जाणून घेण्याची गरजच उरत नाही, कारण आपल्याला अंतर मोजायचे नसते, फक्त कोन मोजायचा असतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. धातूचा जाड तुकडा क्ष-किरण आरपार जाऊ देत नाही, म्हणून परत फिरणारे किरण टिपतात. फिल्मच्या मधोमध एक भोक असते. झोत त्यातून जाऊन नमुन्यावर आदळतो आणि मागे वळलेले किरण त्याच फिल्मवर ठिपके उमटवतात. फिल्म आणि नमुना यांतील अंतर रूढ प्रथेप्रमाणे ३० मिलिमीटर धरू. निकेलच्या स्फटिकाचे (००१) प्रतल पृष्ठभागाला अगदी समांतर नसून ६ अंशांनी कललेले आहे, असे समजा. आरसा ६ अंश कलला की परावर्तित किरण १२ अंशांनी वळतो. १२ अंशांचा टॅन सुमारे ०.२१३, त्याला ३० ने गुणले की ६.४ मिलिमीटर. म्हणजे त्या प्रतलाचा ठिपका फिल्मच्या मध्यापासून ६.४ मिलिमीटरवर पडेल. उलट दिशेने, फिल्मवर पट्टी ठेवून ६.४ मिलिमीटर मोजले की ६ अंशांचा कल हाती येतो. या साऱ्या गणितात तरंगलांबी कोठेही आली नाही. खरे तर त्या एका ठिपक्यात अनेक तरंगलांबी एकावर एक बसलेल्या असतात. निकेलच्या पेशीची कड ३.५२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आहे, त्यावरून १.७५, १.१७ आणि ०.८८ अँगस्ट्रॉमचे किरण अनुक्रमे (००४), (००६) आणि (००८) या, म्हणजे ब्रॅग नियमातील चौथ्या, सहाव्या आणि आठव्या पटीच्या परावर्तनांतून त्याच जागी पोचतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अंतर गणितातून निघून गेल्यामुळे लौए चित्रावरून पेशीची लांबी कळत नाही. निकेल आणि तांबे यांचे स्फटिक एकाच अभिमुखतेत ठेवले, तर दोघांच्या ठिपक्यांच्या जागा सारख्याच येतात.

मिश्र झोतासाठी टंगस्टनचे टार्गेट असलेली क्ष-किरण नलिका घेतात, कारण जड मूलद्रव्याच्या टार्गेटमधून अखंड वर्णपट अधिक तीव्र मिळतो. ३० किलोव्होल्टवर चालवलेल्या नलिकेत सर्वांत लहान तरंगलांबी सुमारे ०.४१ अँगस्ट्रॉम असते.

उरतो प्रश्न ठिपक्यांना नावे देण्याचा, आणि सगळी मेहनत त्यातच जाते. परतीच्या चित्रात ठिपके अपास्तांवर, म्हणजे हायपरबोला वक्रांवर मांडलेले दिसतात. एका वक्रावरील सर्व ठिपके एकाच सामाईक दिशेला समांतर असणाऱ्या प्रतलांचे असतात. जेथे बरेच वक्र एकमेकांना छेदतात तेथील ठिपका सहसा साध्या अंकांच्या प्रतलाचा असतो. सराव झालेल्या डोळ्याला सममिती ताबडतोब दिसते : झोत [००१] दिशेने गेला असेल तर चौकोनी मांडणी, [१११] दिशेने गेला असेल तर त्रिकोणी, [११०] दिशेने गेला असेल तर दुहेरी. त्यानंतर ठिपक्यांच्या जोड्यांमधील कोन मोजून ते घन स्फटिकाच्या ठरलेल्या कोनांशी ताडून पाहतात. (००१) आणि (०११) यांच्यात ४५ अंश, (००१) आणि (१११) यांच्यात ५४.७४, (००१) आणि (०१३) यांच्यात १८.४३. पूर्वी हे काम ३० मिलिमीटर अंतरासाठी आखलेल्या ग्रेनिंजर तक्त्यावर (ठिपक्याच्या जागेवरून कोन देणारा तक्ता) आणि व्हुल्फ जाळीवर (दिशांमधील कोन मोजण्याची गोल जाळी) हाताने केले जाई. तक्ता फिल्मवर ठेवून ठिपके जाळीवर उतरवताना मन अत्यंत शांत ठेवावे लागे.

एका जोडीवर कधीही विसंबू नये. (००१) आणि (११३) यांतील कोन २५.२४ अंश, तर (००१) आणि (०१२) यांतील २६.५७. (००१) चा ठिपका अगदी मध्यावर असेल, तर या दोन प्रतलांचे ठिपके मध्यापासून अनुक्रमे ३६.४ आणि ४० मिलिमीटरवर पडतात. फिल्मचे अंतर तीन मिलिमीटरने चुकीचे धरले गेले, तर एकाचे नाव दुसऱ्याला सहज चिकटते. तिसरा ठिपका घेतला की घोळ मिटतो : जवळचा (०१३) हा (११३) पासून १७.५५ अंशांवर असतो, पण (०१२) पासून केवळ ८.१३ अंशांवर.

प्रश्न : आमच्याकडे एकाच फिल्मवरून दोघांनी दोन वेगळी उत्तरे काढली. दोघांनी ठिपक्यांना दिलेली नावे आपापल्या जागी बिनचूक होती आणि संगणकाने दोन्ही उत्तरे स्वीकारली. एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे कशी असू शकतात? (प्रयोगशाळेत काम करणारे एक तंत्रज्ञ)

बरोबर उत्तर एकच आहे. दोघांपैकी एकाने फिल्म उलट्या बाजूने वाचली, असा माझा जवळजवळ खात्रीचा अंदाज आहे.

हीच चूक माझ्या हातून विद्यार्थिदशेत झाली होती, आणि ती इतकी महागात पडली की अजून विसरलो नाही. निकेलची एकस्फटिकी कांडी होती. ती वाढवायला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तीन आठवडे घालवले होते. तिच्यातून (००१) पृष्ठभाग असलेली चकती कापायची होती. फिल्मवर मुख्य ठिपका मध्यापासून ६.४ मिलिमीटर उजवीकडे दिसला, म्हणजे ६ अंशांचा कल. मी गोनिओमीटर (नमुना मोजक्या कोनात फिरवणारे उपकरण) ६ अंश फिरवला, कांडी वायरकटवर, म्हणजे तारेने कापणाऱ्या यंत्रावर चढवली आणि चकती कापली. कापलेल्या चकतीची फिल्म घेतली तेव्हा ठिपका मध्यावर यायला हवा होता; तो १३.४ मिलिमीटरवर पडला. ३० मिलिमीटर अंतरावर १३.४ मिलिमीटर म्हणजे २४ अंशांचे वळण, म्हणजेच १२ अंशांचा कल. सहा अंश कमी करण्याऐवजी मी सहा अंश वाढवले होते. फिल्म धुऊन वाळवताना ती पालटली गेली होती आणि कोपऱ्याला खूण केलेली नव्हती. दोष सर्वस्वी माझा होता.

ठिपक्यांची नावे बरोबर असूनही उत्तर चुकते, याचे कारण स्फटिकाच्या सममितीत आहे. घन स्फटिकाला आरशाची सममिती असते. त्यामुळे खऱ्या चित्राचे आरशातील प्रतिबिंब हेही त्याच स्फटिकाचे, पण वेगळ्या अभिमुखतेतील, पूर्णपणे वैध चित्र असते. ठिपक्यांमधले सगळे कोन तसेच राहतात, वक्र तसेच राहतात, फक्त डावे उजवीकडे जाते. संगणक कोन ताडून पाहतो आणि कोन जुळतातच, म्हणून तो हरकत घेत नाही. भिंत कोणती आणि पेटी कोणती, हे त्याला ठाऊक नसते.

उपाय जुनेच आहेत, आणि ते मनापासून पाळावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. फिल्म कॅसेटमध्ये भरतानाच, नमुन्याच्या बाजूने पाहता वरचा उजवा कोपरा कापावा, आणि दर वेळी तोच कापावा. नमुन्याच्या वरच्या कडेवर आणि एका बाजूवर ओरखडा काढावा व त्याची आकृती वहीत नोंदवावी. सर्वांत भरवशाचा उपाय मात्र तिसरा : पहिली फिल्म घेतल्यावर गोनिओमीटर जाणीवपूर्वक ५ अंश ठरावीक दिशेला फिरवून दुसरी फिल्म घ्यावी. मध्याजवळचा ठिपका सुमारे ५.३ मिलिमीटर सरकतो, आणि कोणत्या दिशेला सरकला हे पाहिले की डाव्या-उजव्याचा वाद उरत नाही. यात फार तर अर्धा तास जातो.

आता फिल्मची जागा डिजिटल डिटेक्टरने घेतली आहे, म्हणून हा प्रश्न संपला असे कोणी समजू नये. चित्र साठवताना ते वरून खाली वाचले आहे की खालून वर, डिटेक्टरच्या पुढून पाहिलेले आहे की मागून, हे प्रत्येक संगणकप्रणालीत वेगळे असू शकते. पाच अंशांची चाचणी येथेही तितकीच लागू पडते.

प्रश्न : काही नमुन्यांचे ठिपके गोल न येता लांबट, धूमकेतूच्या शेपटीसारखे येतात, आणि काहींचे तर येतच नाहीत. क्ष-किरण नलिका तपासली, ती ठीक आहे. (वरीलच तंत्रज्ञ)

नलिकेपेक्षा एमरी पेपर तपासा. परतीच्या पद्धतीत क्ष-किरण धातूत फार खोल जात नाहीत. तांब्याच्या टार्गेटमधून निघणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉमच्या किरणांची तीव्रता निकेलमध्ये वीस-पंचवीस मायक्रोमीटर अंतरात सुमारे एक-तृतीयांशावर येते, आणि लोखंडात केवळ चार मायक्रोमीटरमध्ये. खरखरीत एमरीने घासलेल्या मऊ धातूच्या पृष्ठभागाखाली याहून जाड थर चिरडला गेलेला असतो. त्या थरात प्रतले वाकलेली असतात. वाकलेला आरसा किरण एका जागी न पाठवता पट्ट्यासारखा पसरवतो, आणि ठिपका लांबतो. थर फारच चिरडला असेल तर ठिपका पसरून पार्श्वभूमीत विरून जातो. पॉलिश कितीही चकचकीत दिसत असले तरी ती चकाकी क्ष-किरणांच्या दृष्टीने काहीच सिद्ध करत नाही. शेवटचा थर आम्लाने किंवा विद्युत-पॉलिशने काढा आणि पुन्हा फिल्म घ्या.

त्यानंतरही ठिपके लांबटच राहिले, तर ती पृष्ठभागाची कथा नसून स्फटिकाची स्वतःची आहे : तो वाढताना किंवा हाताळताना वाकला आहे. ठिपका लांबट न होता दोन-तीन जवळजवळच्या ठिपक्यांत फुटला असेल, तर स्फटिकात अंशभर फरकाचे उपकण तयार झाले आहेत. ही माहिती टाकाऊ नाही. वाढीच्या भट्टीत काय बिघडले याचा तो पहिला पुरावा असतो.

प्रश्न : पत्र्यात लाखो बारीक कण असतात. प्रत्येकाची फिल्म घेणे शक्य नाही. तेथे अभिमुखता कशी मोजतात? (पत्रा दाबून भांडी बनवणाऱ्या कारखान्यातील एक अभियंता)

तेथे एकेका कणाचा नाद सोडून सर्व कणांचा कल कोणीकडे आहे हे विचारतात. याला टेक्श्चर म्हणतात, आणि आपल्या व्यवसायात त्याची खूण आपण रोज पाहत असाल : ॲल्युमिनियमची गोल चकती दाबून पेला केला की त्याचा काठ सपाट न येता चार ठिकाणी कान उचलल्यासारखा वर येतो. हे कान लाटण्याच्या दिशेशी ४५ अंशांवर आले, तर लाटताना बनलेले टेक्श्चर प्रबळ आहे. ० आणि ९० अंशांवर आले, तर तापवून मऊ करताना तयार झालेले घन टेक्श्चर प्रबळ आहे. दोहोंचा समतोल साधला की काठ जवळजवळ सपाट येतो.

मोजणीसाठी येथे उलटी व्यवस्था असते. तरंगलांबी एकच घेतात आणि डिटेक्टर झोताच्या दिशेशी एका प्रतलाच्या ब्रॅग कोनाच्या दुप्पट कोनावर पक्का बसवतात. ॲल्युमिनियमच्या (१११) साठी तांब्याच्या किरणांनी हा दुप्पट कोन सुमारे ३८.५ अंश येतो. मग नमुना स्वतःभोवती पूर्ण फिरवतात, थोडा कलवतात, पुन्हा पूर्ण फिरवतात. प्रत्येक स्थितीत नेमके तेच कण किरण परावर्तित करतात ज्यांचे (१११) प्रतल त्या क्षणी योग्य जागी आले आहे. तीव्रता जितकी जास्त, तितके त्या अभिमुखतेचे कण अधिक. दर ५ अंशांनी मोजले आणि कल ७५ अंशांपर्यंत नेला, तर ११५२ स्थिती होतात. त्यांचा गोल नकाशा म्हणजे ध्रुवाकृती, अर्थात पोल फिगर. परावर्तनाची ही पद्धत शुल्झ यांनी १९४९ साली मांडली आणि मुळात ती आजही तीच आहे. फार कलवले की झोत पृष्ठभागावर पसरतो आणि तीव्रता खोटी घटते. म्हणून टेक्श्चर नसलेल्या, त्याच धातूच्या चूर्णाच्या नमुन्यावर तीच मोजणी करून दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती न करता काढलेल्या आकृत्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या कडेला दिसणारी पोकळी खरी की खोटी हे सांगता येत नाही.

एकच ध्रुवाकृती पुरेशी नसते. (१११) ची दिशा कळली तरी कण तिच्याभोवती कितीही फिरलेला असू शकतो. म्हणून (१११), (२००), (२२०) अशा तीन-चार आकृत्या घेऊन त्यांच्यावरून संपूर्ण अभिमुखता वितरण गणिताने काढतात.

पोलादाच्या पत्र्यासाठी तांब्याची नलिका वापरू नये. तांब्याचे किरण लोखंडाला स्वतःचे क्ष-किरण सोडायला भाग पाडतात आणि त्या गोंगाटात शिखरे बुडून जातात. कोबाल्ट किंवा क्रोमियमची नलिका घ्यावी. आणि नमुना कापण्यापूर्वी लाटण्याची दिशा त्यावर बाणाने लिहून ठेवावी. चौकोनी तुकडा एकदा कापला की ती दिशा पुन्हा शोधणे फार कठीण असते.

टेक्श्चर टाळायचेच असते असे नाही. लोखंडाच्या स्फटिकाला [१००] दिशेने चुंबकत्व सर्वांत सहज येते. नॉर्मन गॉस यांनी १९३४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत सुमारे ३ टक्के सिलिकॉनच्या पोलादाचा पत्रा अशा रीतीने लाटला आणि तापवला जातो, की जवळजवळ सर्व कणांचे (११०) प्रतल पत्र्याच्या पातळीत आणि [००१] दिशा लाटण्याच्या दिशेत येते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा याच पत्र्याचा असतो. या पत्र्यातील कण मिलिमीटरपासून सेंटिमीटरपर्यंत मोठे वाढतात, इतके की येथे पुन्हा एकेका कणाचे लौए चित्र घेता येते.

प्रश्न : स्फटिकाची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे लौए चित्रावरून सांगता येते का?

नाही. सामान्य विवर्तनात, म्हणजे स्फटिकातून किरण असे ठरावीक दिशांना वळण्यात, प्रतलाची पुढची बाजू आणि मागची बाजू सारखीच परावर्तित करतात. तांबे, निकेल, लोखंड, ॲल्युमिनियम यांच्या स्फटिकांत त्या दोन बाजू मुळातच एकसारख्या असल्याने धातूच्या कामात याने काही अडत नाही.

प्रश्न : आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने प्रत्येक कणाचा रंगीत नकाशा मिळतो. मग क्ष-किरणांची गरज उरली आहे का?

उरली आहे, कारण दोघे वेगळ्या गोष्टी पाहतात. सूक्ष्मदर्शीत नमुना ७० अंश कलवून मागे उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या आकृतीवरून कणाकणाची अभिमुखता काढतात; कोणता कण कोणाच्या शेजारी आहे हे त्यातून कळते, आणि ते ध्रुवाकृती कधीच सांगू शकत नाही. पण हे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाखालच्या काही दशांश नव्हे, तर काही शतांश मायक्रोमीटरच्या थरातूनच येतात. नमुना निर्वात कक्षात मावेल इतका लहान आणि अत्यंत नीट पॉलिश केलेला लागतो. अख्खे पाते न कापता तपासायचे असेल, तर लौए पद्धतच हाताशी येते. पत्र्याची सरासरी हवी असेल, तर क्ष-किरणांचा झोत एका मोजणीत हजारो कण व्यापतो. सिंक्रोट्रॉनमधील (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्रातील) अतितीव्र आणि अधिक भेदक क्ष-किरणांनी तर धातूच्या आतील कणांची अभिमुखता, नमुना न कापता, त्रिमितीत मोजता येते.

सूक्ष्मदर्शी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. काही संगणकप्रणालींत नकाशाचे अक्ष आणि अभिमुखतेचे अक्ष परस्परांशी १८० अंशांनी फिरलेले असतात. नवे यंत्र हाती आले की पहिला नकाशा ज्ञात अभिमुखतेच्या एकस्फटिकाचा घ्यावा. मात्र तो स्फटिक सममितीच्या अक्षांपासून सहा-सात अंश मुद्दाम कललेला असावा, कारण अगदी सरळ कापलेल्या (००१) चकतीवर १८० अंशांची चूक दिसतच नाही.